चपलेला आवाज हवा

चोरून ऐकायला जाताना अनवाणी जावं. हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, मुलीचं लग्न ठरताना कळलं.

वसुधाला बघायला दिघीची मंडळी येणार होती. वधूपिता रुबाबदार दिसला पाहिजे (असं फक्त वधूपित्याला वाटत होतं), म्हणून मी बोर्ली पंचतनला दगडूभाऊंकडे हाताने शिवलेल्या चपला करायला टाकल्या. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीची शिवण, एक खिळा नाही! तळाच्या दोन थरांत कोरड्या बिया घातल्या की चप्पल करकरते. पूर्वी बडी माणसं अशी आपल्या येण्याची वर्दी देत. हे सगळं मी, चाळीस वर्षं चपला शिवणाऱ्या दगडूभाऊंना समजावून सांगत होतो!

"सर, इतिहास मागनं. आधी पाय ठेवा कागदावर."

"पण आवाज हवा!"

"घालतो की. पन येकदा शिवला का काढता येत न्हाय, सांगून ठेवतो."

"काढायचाय कोणाला?"

पाहुणे आले. पोहे झाले. मुलगा-मुलगी बोलली, हसलीसुद्धा. मग मुलाचे आईवडील "जरा तुमची वाडी बघतो" म्हणत मागच्या पोफळींत शिरले. म्हणजे निकाल तिथेच लागणार!

बायकोने मला कोपराने ढोसलं. "बसलात काय? जा, ऐका! मानपानाचं काही काढतायत का बघा."

गेलो. एका पोफळीआड उभा राहिलो. (पोफळ वीतभर रुंद. मी नाही.)

"मुलगी छान आहे हो, पण..." मुलाची आई म्हणत होती.

पण काय? मी एक पाऊल पुढे टाकलं. कर्रर्र!

लगेच दोघं मोठमोठ्याने सुपारीचं कौतुक करू लागली. मी पुढच्या झाडाआड गेलो. कर्रर्र, कर्रर्र! बडा माणूस येत असल्याची वर्दी पार विहिरीपर्यंत पोहोचली. चपला काढायला वाकलो, तोल गेला आणि झाडांना पाणी देणाऱ्या पाटात बसलो. पाट वाहता होता.

मुलाच्या वडिलांनी हात देऊन उठवलं. "मुलगी पसंत आहे आम्हाला. हिचं म्हणणं एवढंच, की माहेरची माणसं फार नाक खुपसणारी नाहीत ना, ते विचारून घ्यावं."

"छे हो! अजिबात नाही!" मी चिखलातून म्हणालो.

लग्न झालं. लेक सुखात आहे. सणावाराला दिघीहून आवर्जून फोन येतो. बायकोला. 'एकट्याच या,' असा फार आग्रह असतो.