चिंचझरी थांब्याची पाटी

आधी माझा मूर्खपणा कबूल करते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला तो शोधत बसायला नको. सतरा वर्षांची असताना मी एका बंद पडलेल्या रेल्वे थांब्याची पाटी आमच्या शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर ठोकली – रुळाकडे तोंड करून! चौथ्या दिवशी आगगाडी येऊन आमच्या म्हशीसमोर उभी राहिली.

आता तुमच्या या सदरात लोक लिहितात तसं अमानवीय वगैरे... मी यातली नाही. तिठ्यावर कुणी लिंबू उतरवून टाकलं तर घरी नेऊन सरबत करणारी बाई आहे मी. आजवर एकाही लिंबानं मला काही केलेलं नाही. तरीही एक गोष्ट आहे जिचा उलगडा मला झालेला नाही. नव्वदी उलटलीय, आता होईल असंही वाटत नाही. म्हणून लिहून टाकते.

माझं माहेर रिठदचं. तेव्हा त्या बाजूला रेल्वे नव्हती. जवळच्या जऊळक्याचं स्टेशन फार नंतरचं. मोठ्या लढाईची वर्षं चालू होती आणि लग्न होऊन मी कारंज्याच्या अलीकडे, मूर्तिजापूरच्या बाजूच्या एका खेड्यात आले. आमच्या शेताच्या बांधाला लागून छोटी गाडी जायची. हातभर रुंदीचे रूळ, एवढंसं इंजिन, चार डबे. पण मी पहिल्यांदा पाहिली आणि खुळीच झाले. त्या वर्षी नव्या नवऱ्यापेक्षा गाडीकडेच माझं जास्त लक्ष होतं. हे खोटं असेल तर ह्यांनी वरून येऊन सांगावं!

मग जमवायला लागले. कुणी कारंज्याहून आलं की त्याच्याकडे चिमटा मारलेलं जुनं तिकीट मागायचं. गार्डाच्या कोटाचं तुटलेलं पितळी बटण. कंदिलाच्या हिरव्या काचेचा तुकडा. रुळाचा गंजलेला खिळा. हे सगळं माहेरच्या पत्र्याच्या पेटीत, शालूच्या घडीखाली. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "लोकायच्या सुना डागिने जमवते, आमची भंगार जमवते. रोज पुसते बी!"

आणि मग ती पाटी. आमच्या शेतापासून हाकेच्या अंतरावर पूर्वी 'चिंचझरी' नावाचा थांबा होता. चढणारे-उतरणारे कमी, म्हणून माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो बंद झाला. शेड काढून नेली, खांब कुजला आणि पाटी तरोट्याच्या रानात पडून राहिली. पांढऱ्या इनॅमलवर काळी अक्षरं, डावा कोपरा दुमडलेला. चाऱ्याच्या भाऱ्यात लपवून मी ती डोक्यावरून आणली. मान आठ दिवस वाकडी होती! पेटीत मावेना, घरात सासूबाई ठेवू देईनात, म्हणून कोठ्यावर ठोकली. गाडीनं बघावं आणि खूश व्हावं असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. अक्कल किती, ते बघा.

ड्रायव्हर नवा होता. पाटी दिसली, त्यानं गाडी थांबवली. गार्ड कादरभाई खाली उतरले. या मार्गावर गार्डच सगळं करायचे – तिकीट देणं, घेणं, डबे जोडणं, वेळ पडली तर रुळावरच्या गाई हाकणं.

"ये पाटी किसने लगाई?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुमी काय टेसन मास्तर हाय?"

"सध्या तर दुसरं कोणी दिसून नाई राह्यलं," मी म्हटलं.

डब्यातले लोक हसले, कादरभाईही मिशीत हसले, पण सासऱ्यांना निरोप गेलाच. पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली गेली, आणि सासूबाईंनी बजावलं, "रुळाकडं तिचं तोंड पुन्हा दिसलं त विहिरीत टाकीन. मंग जाय बुडी मारून पुसाले!"

आता गुंफाचं सांगते. गुंफा म्हणजे माझ्या चुलतदिराची, नामदेवची बायको. माझ्याच वयाची, गावातली माझी एकुलती एक मैत्रीण. पहिलटकरीण होती. बाळंतपणाला माहेरी जायची होती, पण सातव्या महिन्यात पाय असे सुजले की गाडीत चढवणंही धोक्याचं झालं. मग तिच्या आईला, सोनामायला, पत्र गेलं. मूर्तिजापूरच्या पलीकडचं तिचं गाव, आणि त्या भागातली नावाजलेली सुईण ती. आमच्या गावची सुईण त्याच वर्षी वारली होती. सोनामायचा उलटा निरोप आला – शुक्रवारच्या गाडीनं येते, कारंज्याला घ्यायला या. चिंचझरी बंद झाल्यावर मधे प्रवासी उतरवायला मनाई होती, म्हणून आमच्या गावाला आता कारंज्याहूनच बैलगाडीनं यावं लागायचं. चांगला अर्ध्या दिवसाचा कुटाणा.

शुक्रवारी पहाटेच गुंफाच्या पोटात दुखायला लागलं. नामदेव बैलगाडी जुंपून सासूला आणायला कारंज्याला पळाला. नऊच्या सुमारास कळलं, मूल आडलंय. पायाकडून येत होतं. घरातल्या बायांना काय करावं ते उमगेना. गुंफाचं ओरडणं थांबून नुसतं कण्हणं उरलं, तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले.

"लेकरू न झालेल्या पोरीचं काय काम इथं? वावरात जाय!" सासूबाईंनी मला हाकललं.

वावरात गेले. कापसाची शेवटची वेचणी चालू होती, पण मला बोंड दिसेना. गुंफा मरणार, एवढंच डोक्यात. हाताला काहीतरी काम हवं म्हणून पाटी बाहेर ओढली, राख आणि चिंच लावून घासत बसले. अशी घासली की पांढरीफेक झाली. मग वाळायला म्हणून बांधावरच्या बाभळीला टेकवून ठेवली. रुळाकडे तोंड करून. मुद्दाम? नाही. चुकून? तसंही शपथेवर सांगणार नाही.

हात धुवायला कोठ्यामागच्या विहिरीवर गेले. दोन बादल्या पाणी काढलं असेल. परत आले तर बाभळीखाली एक म्हातारी उभी. हिरवं लुगडं, काखेत गाठोडं.

"पोरी, टेसनवर कोणी नाई काय? हे तिकीट कोणाले देऊ?" ती म्हणाली.

मी हात पुढे केला. भीतीनं अर्धमेली झालेली, पण तिकीट दिसल्यावर हात पुढे! इतकी हावरट होते मी. तिनं तिकीट माझ्या तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "नामदेवचं घर कोणीकडं? लग्नाले आलती, वाट नाई ध्यानात. गुंफाची माय होय मी."

पुढचं काही विचारलंच नाही मी. गाठोडं हिसकून घेतलं आणि तिला अक्षरशः ओढत गावात नेलं. वाटेत ती एकदाच बोलली, "हळू व माय, माह्या पायात काटा हाय." आत गेली, लुगड्याचा काचा मारला, गरम पाणी मागितलं, सगळ्या बायांना भिंतीकडे सरकवलं. सूर्य कलायच्या आत गुंफाला मुलगी झाली. पायाळू, काळीनिळी, पण रडली. गुंफा वाचली.

दिवेलागणीला नामदेव रिकामी बैलगाडी घेऊन आला. तोंड पार उतरलेलं. दारातूनच सांगायला लागला, "गाडीच नाई आली. मूर्तिजापुरात इंजिन बिघडलं, सकाळपासून हाललंच नाई. तारेनं कळवलं म्हणे. मामी काही आज..." आणि त्याला मामी दिसली. चुलीपाशी बसून शेकासाठी कोळसे ओढत होती.

"मामी? तुमी कशा आल्या?"

"गाडीनं आली. आणखी कशानं येऊ?"

"पण गाडी निघालीच नाई!"

"मंग मी काय उडत आली, बह्याडा?"

मग कुणाची तरी नजर हळूच म्हातारीच्या पायांकडे गेली. तिला ते कळलं. तिनं दोन्ही पाय पुढे केले. "पाह्य. बोटं समोरच हायेत. टाचेत काटा हाय, काढता येते त काढ."

काटा मी काढला. बाभळीचा होता. पायही गरम होता – माणसाचा असतो तसा. आणि दुसऱ्या दिवशी गुंफाच्या सासूनं सोनामायला न्हाऊ घातलं तेव्हा केसांतून कोळशाची भुकटी निघाली, मोरीत काळं पाणी वाहिलं. हे आम्ही चौघींनी पाहिलंय.

मी गाडीचा आवाज ऐकला का? सत्तर वर्षांहून जास्त काळ लोक मला हेच विचारताहेत. विहिरीचा रहाट भयंकर करकरायचा, त्यात काही ऐकू आलं नाही. एवढंच खरं. बाकी मला सजवून सांगता आलं असतं. नाही सांगत.

गावात मात्र लगेच बोभाटा झाला. त्या पाटीपाशी भुताची गाडी थांबते! सासूबाई दोर घेऊन निघाल्या, पाटी बांधून विहिरीत सोडायला. मी कोठ्यात जाऊन पाटीवर बसले. "आधी मले टाका," म्हटलं, "मंग पाटी." सून असं बोलत नसते त्या काळात. दोन दिवस भाकरी तिथेच खाल्ली. सासरे म्हणाले, "राहू द्या, भूक लागली की उठन." भूक लागली, पण गुंफानं चोरून लाडू पाठवले. बाळंतिणीचे डिंकाचे! पाटीवरून न उठायला आणखी एक कारण मिळालं.

गाडी सुरू झाली ती तिसऱ्या दिवशी. पाटीच्या त्या प्रकरणापासून कादरभाई आमच्या बांधाशी ताकासाठी उतरायचे. तसे ते उतरले, तेव्हा मी त्यांना तिकीट दाखवलं. त्यांनी ते उन्हात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मूर्तिजापूर ते चिंचझरी. शुक्रवारच्या तारखेचा ठसा.

"ये कहाँ से आया?"

मी सांगितलं.

"बेटी, थांबा बंद झाला तवा चिंचझरीचे सारे तिकिटं मीच बांधून परत पाठवले. आन् शुक्रवारी मी दिवसभर इंजिनाखाली होतो. खिडकीच नाई उघडली त तिकीट कोण देईल?" ते पुटपुटले. मग एकदम सरकारी झाले. "दे इकडं. जमा करा लागते."

"नाई देत. माह्या टेसनवर उतरली, तिकीट मी घेतलं. तुमी होते काय तिथं?"

त्यांनी तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि ताक न पिताच गाडीत चढले. पुढे रोज ताकाला थांबायचे, पण तिकिटाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

शिकलेल्या लोकांनी मला पुष्कळ समजावलंय. म्हातारी आदल्या दिवशीच निघाली असेल. पण गुरुवारी रात्री ती आपल्या घरी भाकरी थापत होती, हे तिच्या जावेनं नंतर स्वतः सांगितलं. मालाचं इंजिन आलं असेल. मग ते कारंज्याला कसं पोचलं नाही? एकच रूळ आहे, मध्ये वळायला जागा नाही. तिकीट जुनं असेल. मग ठसा? मधे नागपूरहून एक गृहस्थ आले होते, जुन्या रेल्वेच्या पाट्या जमवणारे. माझ्यासारखेच खुळे, मला आवडले. पाटी मागत होते. चहा पाजला, रुळाचा खिळा दिला, बटणही दिलं. पाटी दिली नाही. छोटी गाडी आता बंद आहे, रुळात गवत वाढलंय. माझी पाटी बांधावर आहे, रुळाकडे तोंड करून, आणि दर दिवाळीला मी ती नातसुनेकडून राख-चिंच लावून घासून घेते. ती कुरकुरते. कुरकुरू दे.

सासूबाईंनी नंतर कधी विहिरीचं नाव काढलं नाही. त्याचं कारण असं. सव्वा महिन्यानं सोनामाय परत निघाली. तिनं रेल्वेला साफ नकार दिला, म्हणाली बैलगाडीनंच सोडा, दोन दिवस लागले तरी चालतील. मी आणि सासूबाई तिला शिवेपर्यंत पोचवायला गेलो. बैलगाडी बांधावरून जाताना तिनं कोठ्याला टेकवलेल्या पाटीच्या दुमडलेल्या कोपऱ्याकडे बोट केलं. वाचता येत नव्हतं तिला, पण गुंफाच्या लग्नात इथे उतरली होती, त्या कोपऱ्यावरून तिनं पाटी ओळखली होती. मला राहवेना. मी विचारलं, "सोनामाय, त्या गाडीत होतं तरी कोण?"

बैलांच्या शेपट्यांकडे बघत ती म्हणाली, "बायाच होत्या, पोरी. डबा भरून. साऱ्यायलेच लेकीकडं जायाचं होतं... पण त्यायच्या टेसनाची पाटी कोणी लावूनच नव्हती ठेवली."