मागची पांढरी गाडी

घरचे हातमाग बंद पडल्यापासून प्रेमलता धकाते नागपुरातल्या मेडिकल चौकाजवळच्या एका मेसमध्ये पोळ्या करायच्या. गोळीबार चौकातून तिथवर सायकलनंच जायच्या. रस्त्यावर मात्र त्यांचा कोणावरच भरवसा नव्हता. महाल भागात एकदा उभ्या कारचं दार धाडकन उघडलं, त्या पडल्या, मनगट मोडलं, आणि कारवालाच वर म्हणाला, "बाई, पाहून चालवत जा ना!" तेव्हापासून उभ्या गाडीत डोकं दिसतं का, हे पाहिल्याशिवाय त्या शेजारून जात नसत. सिमेंट रोडच्या कडेला वीतभर खाच, तिथं सायकल घालावी तर कपाळमोक्ष. मधे राहावं तर बसवाले कोपराला घासून जात.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्यामागे पांढरी कार लागली. काळ्या काचा. पुढे जाईना, हॉर्नही वाजवेना. हॉर्न न वाजवणारा माणूस, आणि तोही नागपुरात! दुसऱ्या दिवशी तीच गाडी, मग रोजच. त्या हळू झाल्या की तीही हळू. एकदा त्या मुद्दाम पानठेल्यापाशी थांबल्या, तर गाडीही मागे खोळंबली.

नणंद भारती म्हणाली, "चेन ओढणारे असतीन वं वहिनी. रस्ता बदल तू."

"मी काहून बदलू? त्याले बदलू दे."

पण रात्री झोप लागली नाही. सकाळी मंगळसूत्र घरीच काढून ठेवून त्या निघाल्या. मागे गाडी होतीच. चहाच्या टपरीपाशी गर्दी पाहून त्यांनी सायकल आडवी घातली आणि बोनेटवर थाप मारली.

"काहून गा, माह्या मागं मागं कायले येऊन राहिला?"

काच खाली आली. आत पांढऱ्या केसांची एक बाई, दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं, थंडीतही कपाळावर घाम.

"मी अरुंधती. माफ करा ताई, ड्रायव्हिंग नवीनच शिकलेय. तुम्हाला ओव्हरटेक करायची भीती वाटते. धक्का लागला तर?"

"मंग हॉर्न त वाजवाचा!"

"तुम्ही दचकून पडाल, असं वाटलं."

टपरीवरची माणसं हसली. प्रेमलताबाई हसल्या नाहीत. खरं बोलते की बनवते, हे पाहत राहिल्या. मग सायकल बाजूला घेऊन त्यांनी हातानं वाट दाखवली. "निघा. भरपूर जागा आहे."

गाडी अडखळत पुढे गेली. प्रेमलताबाई निघाल्या, आणि चौक यायच्या आतच एक बस कोपराला वारा लावून गेली, मागोमाग मोटरसायकल. आठवडाभर असं झालं नव्हतं, हे त्यांना आता उमगलं. ती पांढरी गाडी पाठीशी होती, तोवर कोणी अंगाशी आलंच नव्हतं.

दुसऱ्या सकाळी त्या रस्त्याच्या कडेला थांबून राहिल्या. गाडी आल्यावर काचेपाशी वाकल्या.

"या माह्या मागं. पण काच खाली ठेवा. मले तोंड दिसलं पाहिजे."