रक्तातला ‘ई’

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला कचेरीत कारकुनी मिळाली. सोबतच्या एकाच्या बायकोला बाळंतपणात रक्त लागलं म्हणून मोठ्या तोऱ्यात दवाखान्यात गेलो, तर माझं रक्त घेईनात. म्हणे, त्यात ऑस्ट्रेलिया अँटिजेन आहे. मी हसलोच. धर्माबादच्या पुढं कधी गेलो नव्हतो. ऑस्ट्रेलिया कुठून येणार? डॉक्टर मात्र हसले नाहीत. ही ब कावीळ, रक्तात मुक्कामाला बसलीय, यकृत पोखरू शकते, म्हणाले. त्यांनी रक्त हैदराबादला पाठवलं, तर त्यात ‘ई’ नावाचा आणखी एक अँटिजेन निघाला. तो असला म्हणजे विषाणू जोरात वाढतोय.

औषध विचारलं, तर नव्हतं. अधूनमधून तपासणीला रक्त द्यायचं आणि वाट बघायची.

घरी मायनं माझा पेला वेगळा केला. दुष्काळ चाललेला, टँकरचं गढूळ पाणी, गल्लोगल्ली कावीळ. आरोग्यवाले सांगत फिरायचे की ती पाण्यातून पसरते. मायनं तेच माझ्या काविळीला लावलं. निलंग्याकडं ही लहान असताना विटाळ नको म्हणून हिच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. आता तीच तांब्या लागू न देता माझ्या पेल्यात वरून पाणी ओतत होती. माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोललो तिला. तिला माझ्या दोन लहान बहिणींची धास्ती होती, हे कळत होतं; तरी महिनाभर तिच्याशी बोललो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी आडवा पडलो. डोळे पिवळेजर्द, भाताचा वास आला तरी उलटी. संपलो आता, असंच वाटलं. माय उशाशी बसून असायची. दीडेक महिन्यानं उठून बसलो.

मग पुन्हा हैदराबादचा कागद आला. डॉक्टरांनी तो जुन्या कागदाशेजारी ठेवून ताडून पाहिला. ‘ई’ गेला होता. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं आली होती. मी मरणाची वाट बघत पडलो होतो तेव्हा माझं शरीर त्या विषाणूवर तुटून पडलं होतं, मला न विचारता! ऑस्ट्रेलिया अजून होताच, तपासण्या सुटणार नव्हत्या. पण विषाणू दबला होता.

डॉक्टरांनी मायला बोलावून समजावलं: ही कावीळ पाण्यानं, पेल्यानं पसरत नाही. रक्तातून येते, पुष्कळदा आईकडून जन्मतानाच; आईत ‘ई’ असला तर बाळ क्वचितच सुटतं. सगळ्यांचं रक्त तपासलं. बहिणी सुटल्या. मायच्या रक्तात मात्र ऑस्ट्रेलिया निघाला, ‘ई’ कधीच गेलेला. माझ्यानंतर आणि बहिणींच्या आधी केव्हातरी तिच्या शरीरानं तो घालवला असणार, डॉक्टर म्हणाले. तेव्हा तर ती मागच्या मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. आत एवढं युद्ध झालं, आणि बाईनं एक दिवस खाडा केला नसेल!

“म्हंजी माझ्यानंच आलं की ह्याला,” ती डॉक्टरांना म्हणाली.

त्या वेगळ्या पेल्यावरून काहीतरी टोचून बोलायला माझी जीभ शिवशिवत होती. तेवढ्यात तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडं वळली.

“मंग झुंजायचं बी माझ्याकडनंच आलं आसंल की रे.”