कात्रीबाईंचा पहिला परिच्छेद

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिंपी राहतो. पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मागच्या खोलीत त्याच्या थोरल्या बहिणीची शिकवणी. त्या निबंध शिकवतात, तेही फक्त वादाचे: प्रश्नावर बाजू घ्यायची आणि ती पटवून द्यायची. मुलं त्यांना कात्रीबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे.

बाई एकवीस वर्षं एका वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं छापण्याजोगी करायच्या. पत्र चार पानांचं, जागा बारा ओळींची. लोक आधी संपादकांची प्रकृती विचारत, मग काळ किती बदलला ते सांगत, आणि नळाला पाणी येत नाही हे शेवटच्या ओळीत. बाई वरून कापत जायच्या. वर्तमानपत्र बंद पडलं, सवय राहिली.

माझी मुलगी त्यांच्याकडे गेली ती नाइलाजाने. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत ती निबंधात दोनदा नापास झाली होती. तिसरी संधी शेवटची. मी माझी काळजी तिला दिसू देत नव्हते. फक्त दर अर्ध्या तासाने ‘झालं का लिहून?’ विचारत होते.

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. विषय होता शाळेत गणवेश असावा का. मुलीने सुरुवात केली होती, ‘आजच्या धावपळीच्या युगात शिक्षणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ हे वाक्य सातवीत मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. बाईंनी दारातूनच हात लांब करून भावाची कात्री उचलली आणि अख्खा परिच्छेद कापून टाकला.

“ताई! कागदाला नको, धार जाते!” शिंपी ओरडला.

“गप रे. नुसतं अस्तर काढतेय.”

मग शेवटचा परिच्छेद कापून त्यांनी तो वर चिकटवला. त्यात होतं, ‘म्हणून माझ्या मते गणवेश नसावा.’

“तुझं मत तुला शेवटी सापडतं,” बाई म्हणाल्या. “तोवर तपासणारा पेंगायला लागलेला असतो.”

“पण एकदम मत सांगायचं म्हणजे उद्धटपणा वाटतो,” मुलगी म्हणाली.

“पाहुणी म्हणून गेलीस तर वाटेल. तू भांडायला चालली आहेस.”

नंतर ती रोज एक सुरुवात लिहून नेई आणि कापलेली घरी आणी. मत वर आलं, पण नुसतंच. ‘गणवेश नसावा.’ बाई म्हणाल्या, “हा निकाल झाला. खटला कुठाय?” तीन आठवडे गाडी तिथेच अडली. परीक्षेला दहा दिवस उरले.

त्या दिवशी शिंप्याला राहवलं नाही. खडू कानावर ठेवून तो दारात आला. “गणवेश असायलाच हवा! पोरं एकसारखी दिसली की गरीब-श्रीमंत कळत नाही. शिवाय मग मी काय शिवू?”

“ऐकलंस?” बाई म्हणाल्या. “बाजू आली, कारण आलं, स्वतःचा स्वार्थही लपवला नाही. आता याला उत्तर दे.”

मुलीने तिथेच बसून लिहिलं: ‘गणवेशामुळे मुलं एकसारखी दिसतात, असं आमचे शिंपीकाका म्हणतात. पण एका मापाचा सदरा दोन भावांनासुद्धा बसत नाही, हेही तेच सांगतात. दिसणं सारखं केल्याने मुलं सारखी होत नाहीत. म्हणून गणवेश नसावा.’

बाईंनी दोनदा वाचलं. कात्री उचलली आणि पुढच्या खोलीत मशीनवर नेऊन ठेवली.

“माझ्याच कापडाने मलाच बांधलं!” शिंपी म्हणाला. कात्री मात्र त्याने लगेच खणात टाकली.

परीक्षेत विषय वेगळाच आला. पेपर कसा गेला, हे मुलीने मला एका वाक्यात सांगितलं: “यावेळी मला भीती वाटली नाही, कारण काय म्हणायचंय ते आधी माहीत होतं.”

निकाल लागला तेव्हा बाईंना सांगायला मीच गेले. “बाई, काय सांगू, सकाळपासून कशात लक्ष नव्हतं. यादीच उघडेना, मग शेजारच्या वहिनींच्या फोनवर...”

शिंप्याने मशीन थांबवलं. “अहो, पास की नापास?”

बाईंनी कात्रीच्या खणाकडे हात नेला.

“पास!” मी म्हणाले.

बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा. आता येऊ द्या ती वहिनींच्या फोनची गोष्ट.”