सायकलवाल्या इफेजिकाचा ठावठिकाणा

उमुआगूच्या बाजारात सायकल दुरुस्त करायची तर ती इफेजिकाकडेच. एक पाय लहानपणापासून अधू, पण वाकडं चाक मांडीवर घेऊन असं सरळ करायचा की बघत राहावं. तोंडही तसंच चालू. "सायकल माझ्याकडे आणा, बायको तिच्या माहेरी न्या," म्हणायचा. उगोये, त्याची बायको, शेजारी भाजी विकता विकता कपाळाला हात लावायची.

वेगळं होऊ पाहणाऱ्या बियाफ्राची लढाई लांबली तसे शिपाई बाजारात घुसून धडधाकट गडी भरतीसाठी उचलून नेऊ लागले. इफेजिकाचा पाय बघून पुढे जायचे. उगोये त्या पायाचे मनोमन उपकार मानायची. पण शत्रूच्या नाकेबंदीने मीठ संपलं, मासळी संपली. धाकट्या लेकीचे, ओबियाचे, पाय सुजले, केस तांबूस पडले.

पुढे पेट्रोलही संपलं आणि जखमी रस्त्याकडेला पडून राहू लागले. इफेजिकाने सायकलीच्या मागे फळी बांधली.

"तुम्हाला कुणी बोलावलंय का?" उगोये कडाडली.

"ताडीचे घडे नेतो, तर माणूस नेता येणार नाही?"

"अहो ओबियाचे बाबा, घरातली पोर दिसत नाही?"

"दिसते, म्हणूनच जातोय. मिशनच्या इस्पितळात दुधाची भुकटी येते. जखमी आणणाऱ्याला मूठभर देतात."

इफेजिका निघालाच. दोनदा भुकटी घेऊन आला. तिसऱ्यांदा आलाच नाही.

आला तो बेनेडिक्ट नावाचा एक शिपाई, कुबड्यांवर, एक पाय गेलेला.

"बॉम्ब टाकणारं विमान आलं, वहिनी. सगळे झाडीत पळाले. मी फळीला बांधलेला. तो गाठी सोडत राहिला. मी ओरडलो, पळ! म्हणाला, ओरडू नकोस, गाठ दिसत नाहीये."

उगोयेने त्याला ना पाणी विचारलं, ना बस म्हटलं. "कुठे टाकलंत त्यांना?" एवढंच विचारलं. त्याला रस्ता ठाऊक होता, जागा नव्हती.

दीर मदुकाला घेऊन ती निघाली. पण तो रस्ता तोवर शत्रूच्या हाती गेला होता. चौकीवरून दोघांना परत पिटाळलं. भाऊबंदांनी रीतीप्रमाणे प्रेताऐवजी केळीचा बुंधा पुरला. उगोयेने त्यावर मूठभर मातीसुद्धा टाकली नाही. त्याच महिन्यात ओबिया गेली.

लढाई संपल्यावर ती मदुकासोबत पुन्हा गेली. वाटेतल्या प्रत्येक गावात विचारत सुटली: लंगडा माणूस, सायकल, मागे फळी. शेवटी एका म्हाताऱ्याने शेताचा एक तुकडा दाखवला. "रस्त्यावरची सगळी प्रेतं इथेच पुरली, पोरी. कोण कुठे, सांगता येणार नाही."

वर कसाव्याचं, खायच्या कंदांचं, पीक डोक्याइतकं उंच वाढलं होतं. उगोये आत शिरली आणि नवऱ्याला नावाने हाका मारू लागली. उमुआगूत कधी तिने त्याचं नाव घेतलं नव्हतं. घसा बसेपर्यंत हाका मारल्या, मग सरीत बसकण मारली.

म्हातारा बांधावर चुळबुळत उभा होता. "एक सांगतो, शिव्या दे हवं तर," तो म्हणाला. "मागल्या वर्षी खायला काही नव्हतं. ह्या तुकड्यातला कसावा आम्ही खाल्ला."

मदुका मूठ वळून पुढे झाला. उगोयेने त्याला हाताने मागे सारलं.

"घरात पोरं होती?"

"नातवंडं. पाच."

"जगली?"

"दोन."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि उठायला मदुकाचा हात मागितला. पण पायच उचलेनात. दिराने तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं.