टॉवेलआडचा चेहरा

दर शनिवारी वॉर्डात एक मुलगी पेशंटची चित्रं काढायला यायची. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत नोकरीला होती, एवढंच कळलं होतं. जबड्याच्या ऑपरेशननंतर आमचे बाबा तोंडावरचा टॉवेल काढत नसत. आरसाही नको म्हणायचे.

"काका, टॉवेलचं चित्र काढू की तुमचं?" तिने विचारलं.

बाबांनी टॉवेल बाजूला केला. तासभर ती नजर न चुकवता त्यांच्याकडे बघत चित्र काढत राहिली. आम्हा घरच्यांना ते जमलं नव्हतं.

"गाल जरा भरलेला दाखवला असतात तर?" मी हळूच म्हणालो.

"मग ते काकांचं चित्र झालं नसतं."

बाबांनी चित्र बराच वेळ निरखलं. मग अडखळत सिस्टरना म्हणाले, "आरसा द्या हो जरा. पोरीला जमलंय का, बघतो."