बावीस मजल्यांची सावली

मी एका इमारतीच्या चित्रात सावली काढली आणि ती इमारत उभीच राहिली नाही. मी चित्रकलेचा मास्तर. सावलीशिवाय वस्तूला वजन येत नाही, हे पोरांना वर्षानुवर्षं बजावत आलेलो. पण ही वस्तू बावीस मजल्यांची होती आणि माझ्या साडूची होती.

माझ्या साडूइतका सतत वर बघणारा माणूस साऱ्या नाशिक जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फुलशेती, म्हणजे खाली वाकण्याचा धंदा; आणि हा गडी नाशकातल्या द्वारका चौकात, चारी बाजूंनी ट्रक अंगावर येत असताना, मान मागे टाकून कुठल्याशा इमारतीचे मजले मोजत उभा राहायचा. लिफ्ट दिसली की काम नसताना आत शिरायचा. एकदा नाशिक रोडला एका साखरपुड्याला गेलो, तर हा मंगल कार्यालयात नाहीच. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर सापडला. इथून आपलं शेत दिसतं का बघत होतो, म्हणाला. दिसत नव्हतं. ते त्याला फार लागलं. पंगतीत जिलेबीसुद्धा नको म्हणाला.

नव्वदच्या दशकात, चौथ्या मजल्यावर राहायला जाणाऱ्याची नाशकात कीव करत असत तेव्हा, एका सकाळी चहा बशीत ओतता ओतता त्याने सांगितलं की मखमलाबाद रस्त्याच्या शेतात तो बावीस मजले बांधणार आहे. माझ्या बायकोच्या हातून साखरेचा डबा सुटला. मी विचारलं, बावीसच का? तर म्हणे, एकवीस कुणीही बांधेल. पुढचं वर्षभर आम्ही धक्केच खात होतो. नकाशा बघून कचेरीतल्या साहेबाने चष्मा काढला, तो आम्ही निघेपर्यंत परत घातला नाही. आगीच्या बंबवाल्यांनी सांगितलं, आमची शिडी इतकी वर पोचत नाही. त्यावर शिडीच्या वरच्या मजल्यांना आग लागणार नाही असं स्टँपपेपरवर लिहून द्यायला साडू तयार झाला. आणि कसं कोण जाणे, एकेक कागद खरोखरच हातात यायला लागला. उरली एक सही. अक्काची.

अक्का म्हणजे साडूची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. जमीन वडिलांची, सातबाऱ्यावर दोघांची नावं. उत्तरेकडचा तुकडा साडू बघायचा, दक्षिणेकडे अक्काची शेवंती. आमच्याकडे बहिणी भावाच्या कागदावर न वाचता सही करतात आणि वर त्यालाच जेवायला वाढतात. त्यामुळे त्या बाजूने कुणालाच धास्ती नव्हती.

मग मी बांधावर लावायला आठ फुटी बोर्ड रंगवला. खाली झाडं, मोटारी, आणि इमारतीच्या पायथ्यापासून निघून शेवंतीवरून थेट विहिरीपर्यंत गेलेली ऐटदार निळी सावली. अक्का त्यापुढे कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटलं, कला पोचली. मग ती म्हणाली, "माझ्या शेवंतीवर अंधार पडणार. मी नाय करायची सही."

साडू माझ्यावर चिडला नाही, हाही धक्काच. त्याने बांबूला बांबू जोडून शेतात उंचच उंच काठी उभी केली, टोकाला लाल फडकं बांधलं आणि मार्गशीर्षातला एक अख्खा दिवस, सावली जाईल तिथे चुन्याच्या रेघा मारत फिरला. सगळी वस्ती बघायला जमली. सकाळ झाली, दुपार झाली, ऊन उतरलं. सावली अक्काच्या शेवंतीकडे फिरकलीसुद्धा नाही. सगळ्या रेघा उत्तरेच्या अंगाला. वस्ती आता काठीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

साडूने पेन पुढे केलं. अक्का हसली.

"सावली कुठं पडती ते मी परकरात होते तवापासनं ठाऊक हाय मला, बाळ्या. मास्तरांचं चित्र बरं सापडलं, म्हणून धरलं."

 ती पुढे म्हणाली, "शेंड्यावर कोण राहणार?"

"मीच की."

"अन् सकाळची माझी हाक तिथवर येईल?"

"फोन घेऊन देतो तुला."

"फोनवर कुणी हाक मारतं का?"

माहेरी आल्यापासून रोज सकाळी अक्का बांधावर उभी राहून 'बाळ्या, उठला का' ओरडायची आणि तो पन्नाशीचा बाप्या घरातून 'उठलो' म्हणायचा. त्यात एक दिवस खंड नव्हता. मला वाटलं, आता साडू वाद घालणार. साहेबाला आणि शिडीवाल्यांना गप्प केलेला माणूस तो. त्याने पेनाला टोपण लावलं.

तीनच मजले बांधले त्याने. तिसऱ्यावर राहतो; हाक नीट पोचते. पुढे गंगापूर रोडला दुसऱ्यांच्या उंच इमारती उठल्या. मला स्कूटरवर मागे बसवून तो त्या बघायला नेतो, मजले मोजतो, 'बरी आहे' म्हणतो.  परवा त्याच्या साठीला मी त्या बावीस मजल्यांचं नवं चित्र काढून नेलं, सावली साफ गाळून. तो बघत बसला. डोळे पुसले की चष्मा, ते मी बघितलं नाही. अक्काने चित्र मांडीवर घेतलं, खिडक्यांवरून एकेक करत बोट फिरवलं आणि मान वर करून म्हणाली, "मास्तर, इतक्या खिडक्या काढल्या, अन् एकीत पण माणूस काढायला जमलं नाय तुम्हाला."